मागच्या आसनावरचा माणूस

जुनी वस्तू विकताना तिचे दोष विकत घेणाऱ्यास सांगावेत की नाही, हा प्रश्न नीतिशास्त्रात फार पुरातन आहे. परंतु ग्रंथांच्या पानांवर तो जितक्या स्वच्छपणे मांडलेला असतो, तितक्या स्वच्छपणे तो माणसाच्या वाट्यास येत नाही. माझ्या वाट्यास तो तिसगावच्या एका गॅरेजात, चैत्रातल्या उन्हात आणि एका मिस्त्रीच्या तोंडून आला. प्रसंग अगदी किरकोळ होता आणि त्यात गुंतलेली रक्कमही किरकोळच होती. तरीही वर्गात तीस वर्षे ज्या विषयाचे विवेचन केले, त्याची परीक्षा देण्याची पाळी त्या दिवशी आली असे मला वाटले. म्हणून ती हकीकत वाचकांपुढे ठेवण्याचे धाडस करीत आहे.

आमच्या घरी २००४ साली घेतलेली एक मारुती आठशे होती. खाजगी मोटारीची नोंदणी कायद्याने पंधरा वर्षांपुरती असते आणि पुढे तपासणी होऊन ती पाच पाच वर्षांनी वाढवून मिळते. आमच्या गाडीस अशी एक वाढ २०१९ साली मिळाली होती. ती मुदत संपण्यापूर्वी गाडी विकावी असे २०२३ च्या आरंभी ठरले, आणि तिसगावच्या पलीकडील एका खेड्यातील प्राथमिक शिक्षकाने ती पसंत केली. किंमत फोनवरच ठरली. बोलता बोलता त्यांनी गाडी घेण्याचे कारणही सांगितले : त्यांच्या वृद्ध वडिलांस महिन्यातून दोन वेळा नगरला दवाखान्यात न्यावे लागे, आणि पाठीच्या दुखण्यामुळे त्यांस बसचे धक्के सोसत नसत. हे कारण मी त्या वेळी ऐकले आणि सोडून दिले.

गाडी पोचविण्यास निघालो तेव्हा आई म्हणाली, "एवीतेवी तिकडे जातोच आहेस, तर मला मढीला कानिफनाथांचं दर्शन घडव." मढीची होळीपासूनची यात्रा पाडव्यास उरकून गर्दी ओसरली होती. आई नेहमीप्रमाणे मागे बसली. नगरहून पाथर्डीकडे जाणारा हा रस्ता म्हणजे कल्याण-विशाखापट्टणम् या नावाने लोक ओळखतात त्या महामार्गाचा भाग. करंजी घाटाच्या वळणांवर गाडीची मागची बाजू किंचित् बाहेर झुकते असे मला जाणवले. घाट मागे पडल्यावर एका खड्ड्यात मागचे चाक गेले आणि खालून लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज आला. तिसगावात शिरताच पहिले गॅरेज दिसले, तेथे गाडी उभी केली.

मिस्त्री पन्नाशीचा, बोलण्यात सावकाश, असा गृहस्थ होता. आई खाली उतरल्यावर त्याने गाडीचा मागचा डावा कोपरा दोन्ही हातांनी दाबला आणि सोडून दिला. चांगली गाडी अशा वेळी वर येऊन एकदा सावरते आणि थांबते. आमची गाडी पाण्यातल्या होडीप्रमाणे तीन-चार वेळा डुलली. मग त्याने वाकून आत पाहिले. डाव्या चाकामागील नळी तेलाने माखलेली आणि त्या तेलावर रस्त्याची धूळ बसून काळी झालेली होती. "शॉकप गेलाय, सर," तो म्हणाला. त्यानंतर त्याने जे केले ते मी आजवर कधीही केले नव्हते. तो सावलीत बसलेल्या आईकडे वळला आणि त्याने विचारले, "आजी, मागं लई आपटतं का हो?"

आई म्हणाली, "दोन वर्षं झाली की बाबा."

मी थक्क झालो. "आई, मग बोलली का नाहीस?" असे विचारले, तेव्हा ती म्हणाली, "मला वाटलं रस्तेच वाईट झाले. आणि तू काही बोलत नव्हतास, तेव्हा माझीच हाडं म्हातारी झाली असतील असंही वाटलं."

या उत्तराचा विचार करण्यापूर्वी शॉकप म्हणजे काय हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. मोटारीच्या चाकापाशी दोन निरनिराळी कामे चालतात. पुढच्या चाकांशी ती स्ट्रट नावाच्या एकाच जोडभागात चालतात, तर आमच्या गाडीच्या मागच्या चाकांशी त्यांचे अवयव वेगवेगळे असतात. स्प्रिंगचे काम गाडीचा भार वाहण्याचे आणि खड्ड्याचा धक्का झेलण्याचे. परंतु स्प्रिंग झेललेला धक्का आपणापाशी ठेवून घेत नाही. जितका घेईल तितका ती परत करते, परत केलेला पुन्हा घेते, आणि तिला कोणी आवरले नाही तर एका खड्ड्याची आठवण ती पुढच्या चार खड्ड्यांपर्यंत वागविते. शॉकपचे काम ही आठवण पुसण्याचे. एका नळीत तेल, तेलात दट्ट्या आणि दट्ट्यास बारीक छिद्रे, एवढीच त्याची रचना. चाक वरखाली होताना तेलाला त्या छिद्रांतून महत्प्रयासाने वाट काढावी लागते. त्या घर्षणाने तेल तापते आणि ती उष्णता नळीच्या अंगावरून वाऱ्यात निघून जाते. अशा रीतीने धक्क्याचा जोर कोणाच्याही अंगावर न जाता हवेत विरतो. नळीच्या तोंडाशी असलेले सील झिजले की तेल पाझरते आणि दट्ट्या पोकळीत हलू लागतो. मग चाक रस्त्यावर टेकून राहण्याऐवजी उड्या मारते, वळणावर मागची बाजू सुटते, ब्रेक लावल्यावर गाडी थांबण्यास अधिक अंतर लागते, आणि टायर जागोजागी खड्डे पडल्यासारखे झिजतात.

आता यातील मर्माची गोष्ट अशी की, शॉकप एका दिवसात मोडत नाही. तो रोज इतका थोडा झिजतो की आज आणि काल यांत फरक दाखविता येत नाही. चालविणाऱ्याचा हात त्या झिजेबरोबर स्वतःला नकळत जुळवून घेतो. शिवाय मागचा शॉकप गेला तर त्याची शिक्षा चालविणाऱ्यास सर्वांत कमी होते. तो दोन्ही चाकांच्या मधोमध बसतो. मागे बसणारा जवळजवळ मागच्या चाकांवरच बसलेला असतो. चालविणाऱ्यास खड्डा आधी दिसतो आणि त्याच्या हातात धरावयास चक्र असते, म्हणून त्याचे शरीर आधीच सावध होते. मागच्यास खड्डा दिसत नाही, तो एकदम पाठीच्या कण्यात कळतो. आमच्या आजोबांच्या काळच्या बैलगाडीत असा भेद नव्हता. तिला स्प्रिंग नव्हती, शॉकपही नव्हता, आणि धुरेवर बसलेल्या गाडीवानास बसणारा हिसका आतल्या पेंढ्यावर बसलेल्या माणसांपेक्षा कमी नसे. बैल जपून हाकणे हे त्याच्या स्वतःच्याच हिताचे होते. यंत्राने प्रवास सुखाचा केला हे खरेच. परंतु त्याबरोबर निर्णय घेणाऱ्याचे आसन आणि धक्का सोसणाऱ्याचे आसन ही एकमेकांपासून दूर नेऊन ठेवली.

अज्ञान ही सबब होऊ शकते काय, हा प्रश्न येथे उद्भवतो. मला दोन वर्षे ठाऊक नव्हते हे अक्षरशः सत्य आहे. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात अज्ञानाचे दोन प्रकार पाडले आहेत. जे अज्ञान माणसाच्या आवाक्याबाहेरचे असते ते क्षम्य. परंतु ज्या अज्ञानाचे कारण तो स्वतःच असतो, ते त्यास निर्दोष ठरवीत नाही. मद्याच्या धुंदीत गुन्हा करणारास दुप्पट शिक्षा देण्याच्या नियमाचा दाखला तो याच संदर्भात देतो. माझे अज्ञान कोणत्या प्रकारचे? ते दूर करण्यास शास्त्रज्ञान लागत नव्हते किंवा पैसेही लागत नव्हते. मागे वळून "आई, नीट बसली आहेस ना?" एवढे विचारणे पुरेसे होते. मिस्त्रीस जे पहिल्या पाच मिनिटांत सुचले ते मला दोन वर्षांत सुचले नाही. न कळणे आणि न विचारणे यांतील भेद मी विद्यार्थ्यांस अनेकदा समजावून सांगितला आहे. तो मला स्वतःला त्या दिवशी समजला.

परंतु खरा पेच अद्याप पुढेच होता. गाडी विकण्यासाठी चाललो आहे हे ऐकताच मिस्त्री म्हणाला, "मग सर, कशाला खर्चात पडता? पुसून काळा रंग मारून देतो. सहा महिने कोणी बघायचं नाही." हे तो दुष्टपणाने बोलला असे कोणी समजू नये. त्याने माझ्या पैशांची काळजी केली होती, आणि अशी काळजी त्याच्याकडून करून घेणारी गिऱ्हाइके त्यास रोज भेटत असली पाहिजेत. मी लगेच 'नाही' म्हणालो असे येथे लिहिता आले असते तर मला आनंद झाला असता. मी म्हणालो, "थांबा, जरा विचार करतो," आणि समोरच्या टपरीवर जाऊन चहा घेतला.

चहा घेताना मनाने माझ्या बाजूचे जे युक्तिवाद मांडले ते काही अगदीच टाकाऊ नव्हते. पहिला कायद्याचा. आपल्याकडील १८७२ च्या कराराच्या कायद्यात कपट कशास म्हणावे हे सतराव्या कलमात सांगितले आहे. बोलण्याचे कर्तव्य नसेल तेथे केवळ मौन म्हणजे कपट नव्हे, असे त्यात स्पष्टीकरण असून त्यास उदाहरणे जोडली आहेत. एकजण आपला सदोष घोडा लिलावात विकतो, दोष त्यास ठाऊक आहे, पण तो काही बोलत नाही : हे कपट नव्हे. मात्र घेणारी जर त्याचीच नुकती वयात आलेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळे दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य होते. आणि घेणारा जर म्हणाला, "तुम्ही नाही म्हटले नाहीत तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन," तर त्यानंतरचे मौन हे बोलण्यासारखेच. घोड्याच्या जागी मोटार घातली की माझा खटला तयार होता. शिक्षक माझे कोणी नव्हते, आणि त्यांनी मला मागच्या चाकांविषयी काहीच विचारले नव्हते. मौन बाळगले असते तर कायद्याने मी बहुधा सुटलो असतो. नळीवर काळा रंग मारणे हे मात्र मौन राहिले नसते. तो हाताने केलेला लबाड उच्चार झाला असता. म्हणून रंगाचा मार्ग मी चहाचा पहिला घोट घेतानाच सोडून दिला. उरला तो प्रश्न मौनाचा, आणि तोच अधिक कठीण होता.

या मौनाचा वाद दोन हजार वर्षांपूर्वी रोमन पंडित सिसेरो याने आपल्या मुलासाठी ख्रिस्तपूर्व ४४ साली लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथात मांडला आहे. एक गृहस्थ घर विकतो. घर रोगट आहे, त्यातील लाकूड कुजले आहे, खोल्यांत साप निघतात. हे फक्त मालकास ठाऊक आहे. त्याने सांगावे काय? डायोजेनीझ म्हणतो की, दोष न सांगणे आणि दोष लपविणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. मालकाने कोणास घर घेण्याची सक्ती केलेली नाही, आणि स्वतःच्याच मालाची निंदा करीत बाजारात उभा राहणारा विक्रेता हास्यास्पद होय. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो की, वाट चुकलेल्यास वाट न दाखविणे जर पाप, तर माणसास जाणूनबुजून खड्ड्यात पडू देणे हे त्याहून मोठे पाप. सिसेरोने आपला कौल शिष्याच्या बाजूने दिला. ज्यांस कळणे हिताचे आहे त्यांस आपल्या लाभासाठी एखादी गोष्ट कळू न देण्याची इच्छा धरणे, हेच लपविणे, असा त्याचा आशय आहे.

आपल्या धर्मशास्त्रकारांनी हा प्रश्न अधिक व्यवहारी रीतीने सोडविला. विक्रेत्याच्या मनात काय आहे याचा शोध घेत न बसता त्यांनी घेणाऱ्यास परीक्षेची मुदत दिली. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात लोखंडास एक दिवस, बियाण्यास दहा दिवस, रत्नास सात दिवस आणि ओझे वाहणाऱ्या जनावरास पाच दिवस अशी ती मुदत आहे. जी वस्तू जितक्या दिवसांत आपला दोष उघड करील तितके दिवस घेणाऱ्यास द्यावेत, हे त्यामागील तत्त्व. मढीच्या यात्रेत गाढवांचा मोठा बाजार भरतो. तेथे घेणारा जनावराचे दात पाहतो, पाय उचलून पाहतो, चार पावले चालवून पाहतो. लंगडणारे गाढव चालू लागले की आपला दोष स्वतःच सांगते. मोटारीचा गेलेला शॉकप असा बोलत नाही. गावातल्या सरळ रस्त्यावर एक फेरी मारून, आणि तीही पुढच्या आसनावर बसून, तो कळावयाचा नाही. भार स्प्रिंग वाहत असते, त्यामुळे गाडी बसकीही दिसत नाही.

तेव्हा डायोजेनीझच्या म्हणण्यात तथ्य किती आणि कोठवर? माझ्या मते रंगाचा ओरखडा, फाटलेली गादी, जुना झालेला भोंगा यांविषयी विक्रेत्याने मुद्दाम बोलले पाहिजे असे नाही. ते डोळ्यांस दिसते, आणि जे दिसते त्याची किंमत घेणारा स्वतःच करतो. बोलण्याचे कर्तव्य दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे उत्पन्न होते : दोष साध्या पाहणीने कळण्यासारखा नसला पाहिजे, आणि त्याचा भार सौद्यात हजर नसलेल्या माणसावर पडणारा असला पाहिजे. सावधगिरीचा उपदेश घेणाऱ्यास करणे एक वेळ ठीक. तो तेथे उभा आहे, घासाघीस करू शकतो, नको म्हणू शकतो. परंतु त्या शिक्षकाच्या वडिलांनी कोणता करार केला होता? त्यांची संमती कोणी विचारली होती? कायद्यातील उदाहरणात विकणारा आहे, विकत घेणारा आहे आणि घोडा आहे. त्या घोड्याच्या गाडीत मागे कोणाला बसावे लागणार, हे त्यात कोठेच लिहिलेले नाही.

हा विचार चालू असताना रस्त्यावरून एक ट्रॅक्टर दोन रिकाम्या ट्रॉल्या खडखडवीत गेला. पाथर्डी तालुक्यातून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीस बाहेर पडतात. अशा ट्रॉल्यांत आणि ट्रकांत भांडीकुंडी, सरपण, शेळ्या आणि पोरे यांसह बायामाणसे शेकडो मैल जातात. त्यांच्या कामाचा सौदा पुढे बसलेल्यांनी केलेला असतो. धक्के मागच्यांच्या वाट्यास येतात. आपल्या संसारात, संस्थांत आणि राज्यकारभारातही निर्णयाचे चक्र ज्याच्या हाती असते, तो बहुधा असा बसलेला असतो की आपल्याच निर्णयाचा हिसका त्याच्यापर्यंत पोचू नये. त्यास गाडी चांगली चालली आहे असे प्रामाणिकपणे वाटते. मागच्या माणसासही, आईला वाटले त्याप्रमाणे, दोष रस्त्याचा किंवा आपल्याच हाडांचा असेल असे वाटते. अशा स्थितीत अन्याय करण्यास दुष्टपणाची गरज पडत नाही. मागे वळून न पाहणे पुरते.

मी परत येऊन मिस्त्रीस नवे शॉकप घालण्यास सांगितले. डावा गेलेला होता, उजवा त्या मानाने बरा होता. तेव्हा एकच बदलावा असे मी सुचविले. अर्धे पुण्य अर्ध्या किमतीत पदरात पाडून घेण्याचा हा मोह होता. मिस्त्रीने मान हलविली. "जोडीनंच बदलायचे, सर. एक ताठ आणि एक ढिला झाला तर गाडी वळणावर फसवते." त्याने गाडी उचलून घोडीवर घेतली, चाके काढली, आणि गंजलेल्या नटांवर तेल सोडून बिडी संपेपर्यंत वाट पाहिली. जुनी नळी सुटल्यावर धुरा एकदम खाली जाऊन ब्रेकची नळी ताणली जाऊ नये म्हणून त्याने खालून दुसरा जॅक लावला. नवे शॉकप उभे धरून चार-पाच वेळा दाबून घेतले, बसविले, आणि रबरी बुशांचे नट मात्र गाडी चाकांवर उभी केल्यानंतरच घट्ट आवळले. अधांतरी आवळले तर रबरास पीळ पडतो, असे त्याने सांगितले. ज्याने पाऊण तासापूर्वी काळा रंग मारण्याची तयारी दाखविली होती, तोच मनुष्य काम हाती घेतल्यावर एका नटाचीही हयगय करीत नव्हता. माणसास सचोटी शिकवावी लागत नसते, ती वापरण्याची संधी गिऱ्हाइकाने द्यावी लागते, असे माझ्या मनात आले. मजुरीसह सारा खर्च अडीच हजार रुपयांच्या आत झाला.

निघताना त्याने मागच्या टायरांवर हात फिरवून ते जागोजागी झिजल्याचे दाखविले. टायर बदलण्याची माझी तयारी नव्हती. परंतु सायंकाळी शिक्षकांची भेट झाली तेव्हा शॉकपची हकीकत, ते किती दिवस खराब होते, आणि त्यामुळे टायरांचे आयुष्य किती कमी झाले असेल, हे सर्व मी सांगितले. ते चांगले गृहस्थ होते. त्यांनी माझे आभार मानले आणि ठरलेल्या किमतीतून टायरांपोटी चार हजार रुपये कमी केले. घरी आल्यावर मला व्यवहारज्ञान नाही असा अभिप्राय मिळाला आणि तो मी निमूटपणे ऐकून घेतला.

माझ्या या वागण्यात पुण्य किती होते? कान्टच्या ग्रंथातील दुकानदार लहान मुलासही वाजवी भावानेच माल देतो, पण आपली पत राहावी म्हणून; अशा कृत्यास कान्ट नैतिक मोल देत नाही. आईसमोर लाज वाटली नसती तर मी काय केले असते, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. कदाचित् ती बरोबर नसती, तर टपरीवरचा चहा संपताना डायोजेनीझ जिंकला असता. म्हणून या हकीकतीतून स्वतःच्या सद्गुणाचा निष्कर्ष मी काढीत नाही. मागच्या आसनावरच्या माणसाचे तोंड डोळ्यांसमोर असले म्हणजे योग्य निर्णय घेणे सोपे जाते, इतकाच निष्कर्ष निघतो. आणि ते तोंड सहसा डोळ्यांसमोर नसते, हीच अडचण आहे.

शिक्षकांनी गाडी ताब्यात घेतल्यावर वडिलांस मागे बसवून अंगणातून गावाच्या रस्त्यापर्यंत एक फेरी मारली. त्यांनी आम्हा दोघांस तिसगावच्या थांब्यावर सोडले आणि आम्ही बसने नगरला परतलो. आईला खिडकीजवळची जागा मिळाली होती. पण ती नेमकी मागच्या चाकावर होती. मी उठून पुढच्या बाजूस बसलेल्या एका तरुणास विनंती केली आणि त्याने जागा बदलून दिली. आई म्हणाली, "अरे, मला सवय आहे." त्या सवयीचेच मला वाईट वाटत होते.